फक्कीनं आखलेलं गाव

पी.टी.च्या मास्तराची इस्टेट ती काय असणार? एक शिट्टी, दोन खांब, हवा भरायचा फुटका पंप आणि फक्कीचं पोतं. फक्की म्हणजे मैदान आखायची चुन्याची भुकटी. जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या शाळेत मी नवा लागलो तेव्हा या पोत्यावर माझा भारी जीव होता. वर्षाला एकच पोतं मिळायचं आणि हेडमास्तर ते देताना असे बघायचे की मी ते घरी नेऊन भिंतीला लावणार आहे. त्यामुळे एके दिवशी सकाळी शाळेत आलो आणि माझ्या पोत्याचं तोंड सुटलेलं दिसलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

मैदानावर गेलो. आदल्या संध्याकाळी मी कंबर मोडेस्तोवर खो-खोचं मैदान आखलं होतं. त्याच्यावरून आता एक लांबलचक वाकडी रेघ गेली होती. एका टोकाला चौकोन, चौकोनाला लागून आणखी एक अरुंद चौकोन, पार दुसऱ्या टोकाला एक गोल. नववीची पोरं-पोरी त्यातून पळत होती आणि मधोमध एक ठेंगणी बाई पदर खोचून, हातात चपला घेऊन उभी होती. मी शिट्टी मारली. पोरं थांबली. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नदीत उभे आहात. जरा काठावर या."

पोरं खो-खो हसली. मी खाली बघितलं तर माझे दोन्ही पाय त्या वाकड्या रेघेवर. आता लिहायला लाज वाटते, पण मी खरंच एक पाऊल बाजूला झालो.

ही माझी आणि बोरसे अक्कांची पहिली भेट. त्या इंग्रजी शिकवायच्या. इतर बायकांना पोरं 'बाई' म्हणत, यांना मात्र सगळी शाळा अक्का म्हणे, हेडमास्तरसुद्धा. मला वाटलं होतं, ही बाई भांडेल. त्या भांडल्या नाहीत. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मी तुम्हाला विचारणार होते, थोडी फक्की मिळाली असती तर बरं झालं असतं." फक्की तर घेऊन झाली होती. तरी ते वाक्य इतकं अदबीचं होतं की मी म्हणालो, "घ्या की अक्का, पोतं तुमचंच आहे." त्या दिवसापासून ते खरोखरच त्यांचं झालं.

ते जे काय मैदानावर आखलं होतं ते अक्कांचं माहेर होतं. शिरपूरकडचं, नदीकाठचं बेलदर नावाचं गाव. चौकोन म्हणजे घर. त्याला लागून ओटा. ओट्यापुढे अंगण, मग नाला, नाल्यापलीकडे गावविहीर, तिच्याही पलीकडे नदी, आणि घराच्या दुसऱ्या अंगाला मारुतीवरून हमरस्त्याकडे जाणारी कच्ची वाट. या गावात अक्का पोरांना इंग्रजीचे काळ शिकवायच्या. म्हणजे अक्षरशः गावात. पोरांना पायांनी चालवून.

मी त्यांना एकदा विचारलं, की बारा काळांचा तक्ता आहे ना भिंतीवर, तो पाठ करून घ्या की. माझं इंग्रजी त्या तक्त्यापायीच मॅट्रिकला कसंबसं सुटलं होतं, पण दुसऱ्याला सल्ला द्यायला काय जातं? अक्का म्हणाल्या, "भाऊ, आपण म्हणतो दिवाळी आली, उन्हाळा गेला, परीक्षा तोंडावर आली, सुट्टी अजून लांब आहे. काळ कोणी पाहिलाय? पाहिलेलं असतं ते येणं-जाणं, जवळ-लांब. माणसानं काळाबद्दल बोलायला पायांचीच भाषा उसनी घेतलीय. इंग्रजानंही तेच केलंय. मग पोरांना तक्त्यापुढे बसवून कशाला ठेवू? चालू दे त्यांना."

आणि पोरं चालायची. घरात गेलं की रोजचं, नेहमीचं बोलायचं. माय भाकरी करते, सूर्य उगवतो, मी शाळेत जातो. जे घरात असतं ते कायमचं असतं. ओट्यावर आलं की आत्ता जे चाललंय ते. ओट्यावर आजी डाळ निवडत बसलेली. इथे अक्का मुद्दाम अहिराणीत शिरायच्या. "आपली घरची भाषा काय म्हणते? आजी डाय निवडी राहिनी. राहिनी म्हणजे त्या कामात राहते आहे, कामाच्या आत तिचं बिऱ्हाड आहे. इंग्रजीतलं ते 'आयएनजी' म्हणजे हेच बिऱ्हाड." ज्या पोरांना अहिराणी बोललं म्हणून बाकीचे मास्तर पट्टी मारायचे, ती पोरं या वाक्याला ताठ बसायची.

वाट होती ती पुढच्या काळाची. वाटेवर लांब एस.टी.ची धूळ दिसली की म्हणायचं, 'द बस इज गोइंग टू कम.' धूळ दिसत नसेल, नुसतीच मनात आशा असेल, तर 'विल'. "धूळ दिसते का?" असं त्या वर्गातही विचारायच्या आणि पोरं खिडकीबाहेर बघून खरंच विचार करायची.

नाल्यापलीकडचं सगळं झालेलं-गेलेलं. तिथलं दिसतं, पण हात पोचत नाही. विहिरीवर गेले होते, पाणी भरलं होतं, संपलं. आणि त्या संपलेल्याच्याही आधीचं जे, ते नदीकाठी.

पण अक्कांचा खरा जीव होता उंबरठ्यावर. घर आणि ओटा यांच्यामध्ये त्या फक्कीची जाड रेघ माझ्याकडून मारून घ्यायच्या आणि तिच्या डाव्या टोकाला एक खडा ठेवायला लावायच्या. "आमच्या उंबरठ्याच्या दगडाला इथं खळगा आहे. माझी आजी तिथं खारका फोडायची." मग एका मुलीला मारुतीकडून चालत आणायच्या. ती माहेरवाशीण. दुसरी मुलगी आत उभी राहायची, तिच्या हातात भाकरीऐवजी खडूचा तुकडा. माहेरवाशीण दारात आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पाणी फिरवून टाकायचं, मग तिनं आत पाऊल टाकायचं. खानदेशात हे प्रत्येक पोरीनं पाहिलेलं. अक्का त्या मुलीला रेघेवरच थांबवायच्या.

"ही आली का?"

"उनी, अक्का. आली."

"घरात आहे का?"

"अजून नाही."

"मग हिचं येणं नाल्यापलीकडचं आहे का? संपलंय का?"

"नाही. पायाला धूळ आहे."

"हां. पायाला धूळ आहे. येणं झालंय, पण अजून अंगावर आहे. 'शी हॅज कम.' इंग्रजीतला हा काळ म्हणजे आपला उंबरठा. भाकरतुकडा पडेपर्यंत हिला आत घेऊ नका."

मी खांबाला टेकून हे बघायचो. दोन वर्षांत माझी अशी गत झाली की दिवाळीनंतर अक्कांनी सांगायच्या आधीच मी बेलदर आखून ठेवायचो. नाला कुठे वळतो, विहीर किती लांब, ओट्याची पायरी कुठल्या अंगाला, सगळं पायांना पाठ. खो-खोचं मैदान मात्र शाळेमागच्या खडकाळ जागेत गेलं आणि आमच्या पोरी त्या वर्षी गुडघे फोडून हरल्या. त्याचं खापर मी बेलदरवर कधी फोडलं नाही.

एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. वर्गात शिरले आणि तडक विचारलं, "प्रेझेंट परफेक्ट टेन्स म्हणजे काय?" सुनंदा नावाची एक किडकिडीत मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, उंबरठा." हेडमास्तरांचा चेहरा खाड्कन उतरला. दारातून मी बघत होतो, मलाही वाटलं, आता अक्कांचं काही खरं नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे?" सुनंदानं न घाबरता सगळं सांगितलं, धुळीसकट. साहेब म्हणाले, "बरं, मी माझ्या गावी दोन वर्षं गेलो नाही. हे कुठं उभं राहून सांगू?" सुनंदा म्हणाली, "न जाणं अजून चालू आहे ना सर? मग उंबरठ्यावरच. 'आय हॅव नॉट गॉन होम फॉर टू इयर्स.'" साहेबांनी ते वाक्य स्वतःशी पुन्हा म्हटलं आणि पुढचा प्रश्न न विचारता ते पुढच्या वर्गात गेले. शेरा चांगला पडला. स्टाफरूममध्ये आम्ही पेढे मागितले तर अक्का म्हणाल्या, "त्या माणसाला घरी जाऊन यायला सांगायला हवं होतं."

त्यांची आणखी एक लकब. काहीही मागताना त्या आधी एक पाऊल मागे सरायच्या. चहा हवा असला तरी "चहा मिळाला असता तर घेतला असता," असं. आम्ही चिडवायचो, "अक्का, एका चहासाठी नाल्यापलीकडे कशाला जाता?" त्या म्हणायच्या, "मोठ्या माणसाच्या आणि चहा करणाऱ्याच्या ओट्यावर एकदम चढू नये. अंगणात उभं राहून हाक द्यावी. इंग्रजसुद्धा 'कुड यू' म्हणतो ते उगाच नाही, तोही अंगणातच उभा असतो." त्या म्हणायच्या की लांबचं बोलणं ते एकच. काल घडलेलं लांब, मोठा माणूस लांब आणि जे कधी होणारच नाही तेही लांब. तिन्हीला इंग्रज एकाच पावलानं मागे सरतो.

ते कधीच न होणारं शिकवताना त्या स्वतः नाला ओलांडून विहिरीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि घराच्या चौकोनाकडे बघून एकच उदाहरण द्यायच्या. दरवर्षी तेच. 'आय विश आय वर ॲट होम.' पोरं वहीत लिहून घ्यायची. अक्का मात्र पोरांचं लिहून झालं तरी तिथंच उभ्या असायच्या. मला वाटे, बाईला माहेर फार लाडकं दिसतं.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात मी म्हणालो, "अक्का, एकदा बेलदर दाखवा. वांगी मी आणतो, तुमच्या भावाच्या शेतात भरीत करू. निदान मी आखतो ते बरोबर आहे का ते तरी कळेल."

अक्का फक्कीनं पांढरे झालेले हात झटकत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, बेलदर पाण्यात आहे."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन त्या जळगावला आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी धरणाचं पाणी आलं. गाव उठलं. लोकांनी दारं काढली, चौकटी काढल्या, पत्रे, वासे, मारुतीसुद्धा गाडीत घालून नेला आणि वरच्या माळावर प्लॉट पाडून नवं बेलदर वसवलं. अक्का तेव्हा बाळंतपणात अडकलेल्या. गाव बुडताना त्यांनी पाहिलं नाही. सासरी निघताना अंगणात माय उभी होती, एवढंच शेवटचं पाहिलेलं.

"पोरांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "बुडालेलं गाव म्हटलं की पोरं जपून चालतील. मला पळायला हवीत."

नव्या बेलदरला अक्का कधी गेल्या नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जातात. लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस खातात. बहिणीला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. अक्कांचा धाकटा भाऊ पंडित दरवर्षी मुराळी म्हणून जळगावला यायचा. शेंडेफळ तो, अक्कांपेक्षा वीस वर्षांनी लहान, गाव उठलं तेव्हा मायच्या कडेवर होता. अक्का त्याला पोटभर जेवू घालायच्या आणि रिकामा परत पाठवायच्या. मायचं अखेरचं दुखणंही त्यांनी जळगावला आपल्याकडे आणून काढलं. "तुझ्या घरी कधीही येईन," त्या त्याला सांगायच्या, "पण त्याला माहेर म्हणू नको." पंडित मला एकदा रिक्षा स्टँडवर भेटला तर म्हणाला, "सर, मी काय करू? माले तर तेच गाव माहीत शे."

अशी आठ-दहा वर्षं गेली आणि मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. जळगावला नळ दिवसाआड, मग चार दिवसांनी. मैदानावर भेगा पडल्या. त्या वर्षी पंडित आखाजीच्या चांगला आधीच आला. मी अक्कांच्या ओट्यावरच बसलो होतो. आम्ही शेजारी-शेजारीच राहायचो. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "अक्का, गाव वर ऊनं. धरणमां पानी नही. भितडा दिसतस. आते तरी चाल." पाणी आटून बुडालेलं गाव वर आलं होतं, पडक्या भिंती दिसत होत्या.

अक्का आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा माझ्याशी बोलल्या, भावाशी नाही. "भाऊ, इतकी वर्षं मी त्या गावावर पोट भरतेय. तिथं जाऊन काहीच ओळखू आलं नाही तर? मी पुन्हा मैदानावर कुठल्या तोंडानं उभी राहू?"

मी गमतीवर नेलं. म्हणालो, "आखणी मी केलीय, चुकली तर माझ्या नावावर टाका." त्या हसल्या नाहीत. पण आखाजीच्या आदल्या दिवशी निरोप आला, की सकाळच्या गाडीला निघायचंय, आणि तुम्हीही चला.

जळगावहून धुळं, धुळ्याहून शिरपूरची गाडी. सोनगीरचा किल्ला मागे पडला तशा अक्का खिडकीचा गज धरून बसल्या. शिरपूरच्या स्टँडवर सुनंदा उभी होती. तीच, साहेबांना उंबरठा सांगणारी. आता ती शिरपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होती आणि अक्कांनी तिला पत्र टाकलं होतं. हातात डबा, अंगानं भरलेली, पण बोलणं तसंच चुरूचुरू. मला म्हणाली, "सर, मीही फक्की चोरते आमच्या पी.टी.च्या मास्तरांची." मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "बेलदर आखायला. दुसरं कुठलं गाव मला येतं?"

पंडितनं जीप आणली होती. नव्या बेलदरात लिंबांना झोके टांगलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. पारावर दोन-तीन म्हातारी माणसं उठून उभी राहिली. "अक्का, आम्ही येतस संगे. घर दाखाडतस." अक्का जीपमधून उतरल्याच नाहीत. "मन्हा घरना पत्ता मी दुसराले इचारू?" एवढंच म्हणाल्या आणि पंडितला गाडी हाकायला सांगितली. बाई स्वभावानं मऊ, पण असल्या गोष्टीत खडकासारखी.

धरणाच्या कोरड्या पोटात आम्ही उतरलो. उन्हानं डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. तडकलेला गाळ, त्यातून जोत्यांचे दगड डोकं काढून बसलेले, सगळे एकसारखे, सगळ्यांवर तीच मातीची साय. ना झाड ना पार. अक्का सगळ्यांच्या पुढे झपाझप निघाल्या. एका ठिकाणी थांबल्या. वळल्या. पुन्हा थांबल्या. त्या मारुती शोधत होत्या. त्यांच्या मनातलं सगळं गाव मारुतीपासून सुरू व्हायचं आणि मारुती तर कधीच वर नवीन देवळात जाऊन बसला होता. नदीही जागेवर नव्हती, गाळानं तिचं पात्र बुजवलं होतं. एका जोत्याला त्यांनी हात लावला, मग दुसऱ्याला. मग पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला तिकडे बघवेना.

"हाई मन्हं गाव नही," त्या म्हणाल्या. "पंडित, चाल. परत चाल."

मी गणित मांडत होतो, पण मला मैदानाचे कोपरे माहीत, इथं कोपरे होते कुठं? तेवढ्यात मागून सुनंदाचा आवाज आला. ती आमच्या बरोबर नव्हतीच. ती जीपजवळ एका उंचवट्यावर उभी होती.

"अक्का, धूळ इथून दिसायची ना?"

अक्कांनी मान वर केली.

"हा बघा रस्ता. खडी टाकलेली दिसतेय अजून. म्हणजे 'गोइंग टू' माझ्या तोंडासमोर, घर माझ्या पाठीशी." ती वळली आणि चालायला लागली. पायांखाली न बघता, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. आम्ही तिच्या मागे. "हा खोलगट भाग म्हणजे नाला. पलीकडे विहीर हवी." विहीर होती. गाळानं काठोकाठ भरलेली, दगडी कडं तेवढं वर. "आता विहिरीकडे पाठ करायची. नाला ओलांडला की अंगण. ओट्याची पायरी उजव्या हाताला." ती एका जोत्यापाशी थांबली. खाली बसली आणि साडीच्या पदरानं एका लांब दगडावरचा गाळ पुसायला लागली. डाव्या टोकाला तिची बोटं थांबली. मी वाकून बघितलं. दगडाला गुळगुळीत, वाटीएवढा खळगा होता.

सुनंदा या गावात जन्मात आली नव्हती. तिची माय पिंप्राळ्याची, बाप पिंप्राळ्याचा. पण त्या क्षणी आम्हा सगळ्यांत बेलदरची तीच एक होती.

अक्का हळूहळू आल्या. ओट्याची पायरी चढल्या, चपला काढल्या आणि उंबरठ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता आत जातील. गेल्या नाहीत. ऊन डोक्यावर, दगड तापलेला, आणि त्या अनवाणी तशाच उभ्या, समोरच्या मोकळ्या जोत्याकडे बघत. पंडित म्हणाला, "अक्का, जा ना मधमां." तरी नाहीत. त्या कशासाठी थांबल्यात ते मला कळलं, पण मी पुरुष माणूस, हात कसा पुढे करावा ते सुचेना.

सुनंदाला सुचलं. ती बाजूच्या पडक्या कडेवरून जोत्यात उतरली आणि घराच्या आतून उंबरठ्याकडे आली. डबा उघडून तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पंडितच्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं. अक्कांच्या तोंडावरून तुकडा ओवाळला, डावीकडे टाकला, उजवीकडे टाकला, पाणी फिरवून सोडलं. मग बाजूला सरून म्हणाली, "या अक्का. घरात या."

अक्कांनी पाऊल आत टाकलं. "उनी व माय," त्या म्हणाल्या. "मी उनी." आणि तिथंच चुलीच्या जागी खाली बसून लहान पोरीसारखं रडल्या. आम्ही कोणी समजूत घातली नाही. पंडितही रडत होता. ज्या घराचं त्याला काही आठवत नव्हतं त्या घरासाठी.

जरा वेळानं आम्ही त्याच जोत्यात बसून डबा खाल्ला. मी मास्तराच्या सवयीनं विहिरीकडे नजर टाकली आणि मला हसू आलं. मैदानावर मी विहीर पार दुसऱ्या टोकाला आखायचो, पोरं धापा टाकत जायची. इथं ती हाकेच्याही अलीकडे होती. म्हणालो, "अक्का, तुम्ही माझी फक्की फार वाया घालवलीत. विहीर ही काय, अंगणातच आहे." अक्कांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "भाऊ, माझ्या डोक्यावर घागर असायची. डोक्यावर घागर असली की लांबच असतं."

त्या पावसाळ्यात धरण भरलं आणि बेलदर पुन्हा खाली गेलं. दिवाळीनंतर मी विचारलं, विहीर जवळ घेऊ का? त्या म्हणाल्या, "नको. जुन्या पोरांना सापडायची नाही." आखणी तशीच राहिली. एक मात्र बदललं. पुढच्या आखाजीला पंडित मुराळी आला तेव्हा अक्का पिशवी भरून तयार होत्या. माळावरच्या त्या नव्या घरी गेल्या, चार दिवस राहिल्या, झोक्यावरही बसल्या असं पंडित सांगत होता.

काही वर्षांनी अक्का निवृत्त झाल्या. मुलाला नाशिकला नोकरी लागली होती, त्याच्याकडे जायचं ठरलं. सामान टेम्पोत चढत होतं त्या दुपारी मी शाळेत होतो. मे महिना, शाळा ओस, मैदान कोरडं ठणठणीत. फक्कीची एक रेघ कुठे नाही. पी.टी.च्या खोलीच्या खिडकीतून मला अक्का फाटकातून येताना दिसल्या. हाक मारणार होतो, पण त्या कोणाला भेटायला आल्या नव्हत्या. त्या मैदानाच्या कडेनं चालत आल्या, जिथं आम्ही मारुती काढायचो तिथून वळल्या. मोकळ्या मैदानात नेमक्या एका जागी थांबून त्यांनी चपला काढल्या आणि वाट बघत असल्यासारख्या जरा उभ्या राहिल्या. मग तापलेल्या मातीवर अनवाणी एक पाऊल पुढे टाकलं.

तिथं उंबरठा होता. मीच आखायचो, मला माहीत आहे.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. मला अक्कांची आठवण फार येते. अजूनही मैदान आखताना त्या जागेपाशी आलो की पोतं खाली ठेवतो, चपला काढतो आणि मगच पुढची रेघ मारतो.